रोझालियाचा कठडा

एक होता चेन्सू, एक होती त्याची बायको कोन्ची, त्यांना एकुलती एक लेक लोन्झा, आणि या तिघांच्या संसारात चौथी मी. मी लोखंडाची शिडी बोलतेय. गोझो बेटाच्या पश्चिमेला, कड्याखालच्या खडकाला बोल्टांनी आवळलेली. अर्धी उन्हात, अर्धी समुद्रात असायचे मी. आता दमलेय बाई, म्हणून सावकाश सांगते.

जन्माने मी शिडी नव्हे. रोझालिया नावाच्या टगबोटीचा मी कठडा. मोठमोठी जहाजं ओढून बंदरात आणायची ती. चेन्सू तिच्या इंजिनावर होता. सगळी जवानी त्याने तिच्या पोटात, तेलाच्या वासात घातली. ती म्हातारी झाली तेव्हा वरच्यांनी ठरवलं, हिला कड्यासमोर बुडवायची, म्हणजे बघायला पाणबुडे येतील. त्याआधी चेन्सूने एका बाजूचा कठडा कापून घरी आणला, अंगणात बसून त्याला पायऱ्या जोडल्या आणि गावातली पोरंसोरं जिथून समुद्रात उड्या मारायची, तिथे मला बसवलं. माझी दुसरी बाजू, माझी बहीणच म्हणा, ती राहिली खाली तळाशी.

माणसांची एक गंमत सांगते. खाली जाऊन बहिणीला कशी हलक्या हाताने शिवतात! मग पाण्याखालच्या खडकाच्या कमानीतून जातात, तिथल्या गुहेत दिवे घेऊन हिंडतात. आणि वर येताना पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिसं, तो सगळा भार माझ्यावर टाकून शिव्या मलाच द्यायचे. "किती घसरडी आहे ही!" अरे, शेवाळ काय मी हौसेने ल्यायलेय?

लोन्झा मोठी झाली आणि पाहुण्यांना पाण्याखाली नेऊ लागली. चेन्सूच्या ते जिव्हारी लागलं. "माझ्या बोटीच्या मढ्यावर जत्रा भरवतेस?" त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं तुटलं. घर एक, टेबल एक, आणि मधे कोन्ची.

"कोन्ची, तुझ्या लेकीला सांग, पाव दे इकडे."

"मा, तुझ्या नवऱ्याला सांग, इंजिनात आता एक मोठा मासा राहतो. मढं नाही ते."

"मी काय पोस्टमन आहे?" म्हणत कोन्ची पावावर टोमॅटो घासायची. निम्मा टोमॅटो रागानेच चिरडायचा.

हे मला ठाऊक, कारण हिवाळ्यात मी घरी असायचे. आमच्याकडे समुद्र पिसाळायच्या आत शिड्या काढून नेतात, नाहीतर लाटा उपटून नेतात. काढण्याआधी एकच बघायचं, काठावर चपला आहेत का. चपला असल्या तर माणूस पाण्यात. शिडीला हात लावायचा नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

एका वर्षी वायव्येचा वारा लवकर उठला. चेन्सू पाना घेऊन आला. चपला नव्हत्या. खडकामागेही बघितलं त्याने. मग बोल्ट सोडले, मला खांद्यावर घेतलं आणि चढणीला लागला. "चल म्हातारे, झालं यंदाचं," मला म्हणाला. माझ्याशी बोलायचा तो.

वाटेतच कोन्ची धावत खाली येताना दिसली. "लोन्झा कुठेय?"

"मला काय विचारतेस? पाण्यात नाही. चपला नाहीत."

"चपला तिकडे कड्यापलीकडे, समुद्रात निघणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी आहेत रे! पाहुणीला घेऊन तिथून उतरलीय. कमानीकडून येऊन इथे वर निघणार. सकाळी म्हणाली, तुझ्या नवऱ्याला सांग, शिडी आज काढू नको म्हणावं. मी म्हटलं, तुमचं तुम्हीच बोला एकदाचं!"

चेन्सू तिथूनच मागे वळला. मला घेऊन तो त्या वयात धावला. खांद्यावरून मला दिसलं, फेसात दोन डोकी. लाट त्यांना उचलून खडकाकडे फेकत होती. लोन्झाचा हात बोल्टांच्या रिकाम्या भोकांवरून फिरत होता. मागे पोहून जाण्याइतकी हवा टाकीत उरली नव्हती.

बोल्ट लावायला वेळ कुठला? चेन्सू पालथा पडला, मला खाली सोडलं आणि वरच्या पायरीला दोन्ही हातांनी धरून राहिला. कोन्ची त्याच्या पायांवर बसली. "आता तरी माझ्या वजनाला नावं ठेवू नकोस!"

आधी पाहुणी चढली, रडत रडत. मग लोन्झाने टाकी समुद्रात सोडून दिली आणि मला धरलं. तेवढ्यात लाट आली. मी हेलकावले, आणि चेन्सूचं बोट माझ्या आणि खडकाच्या मधे चिरडलं. हात सुटला नाही त्याचा.

"पपा, तुमचं बोट!"

"बोट गेलं खड्ड्यात. तू चढ!"

किती वर्षांनी बोलली ती दोघं! त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं.

वर आल्यावर सगळी भिजून खडकावर बसली. कोन्चीने रुमाल फाडून चेन्सूचं बोट बांधलं. मग चेन्सूने विचारलं, "तो मासा इंजिनात कुठल्या बाजूला राहतो?"

"डाव्या. तुम्ही बसायचात तिथेच."

आता काठावर नवी चकचकीत शिडी आहे. माझ्या खालच्या पायऱ्या मिठाने खाल्ल्या, म्हणून मी कायमची अंगणात, अंजिराला टेकून. परत पाण्यात घालू नका मला, फार दमले. एवढंच मागणं आहे, कुणाची शिडी काढायला गेलात तर नुसत्या चपला बघू नका. घरात तोंडाने विचारा.

काल लोन्झा अंजिरं काढायला माझ्यावर चढली. घरातून कोन्ची ओरडली, "चेन्सू, लेकीला सांग, शेंड्याची पिकलीत!"

"तूच सांग. मी काय पोस्टमन आहे?"

तिघंही हसली. मी बुंध्याला पक्की टेकलेली, हलणारसुद्धा नाही. तरी चेन्सू खाली उभा राहून, त्या वाकड्या बोटाने, मला घट्ट धरून होता.