चीजचा तोडलेला घास

आमच्या घरात खायची वस्तू आली की आधी तिचं चित्र निघतं, मग ती पानात पडते. तोवर माशाचा वास अख्ख्या गल्लीला लागलेला असतो. ही सगळी कृपा माझ्या नणंदेची, दिग्नाची. चीज, पाव, खेकडे, शेजारी फुलदाणी, असलं टेबल ती असं रंगवते की बघणाऱ्याला भूक लागावी. आणि खाली नाव कुणाचं? आमच्या ह्यांचं, योस महाशयांचं! अँटवर्पच्या चित्रकार संघात नाव ह्यांचं ना. ह्यांनी कुंचला शेवटचा धरला तो लग्नाआधी, कुंपणाला रंग द्यायला.

"दादा, एका तरी चित्रावर माझं नाव घाल ना," दिग्ना दर वेळी काकुळतीला यायची.

"अगं, बाईचं नाव दिसलं की गिऱ्हाईक पळतं," असं म्हणून हे चित्राकडे न बघताच कोपऱ्यात सही ठोकायचे आणि गुत्त्यावर जायचे. त्याच गुत्त्याच्या पायरीवर ह्यांचा पुढचा दात पडला. गावाला सांगितलं, मारामारीत पडला. बिचारी पायरी!

यंदाचं चित्र ट्यूलिपपायी अडलं. बाकीची फुलं काढून झाली, मधली जागा कोरी. ट्यूलिप फुलेपर्यंत टेबल हलवायचं नाही, असा दिग्नाचा हुकूम. तेवढ्यात ईस्टरआधीचा उपास लागला. चीज नाही, मांस नाही, नुसते वाळके मासे. आणि आतल्या खोलीत एवढं थोरलं चीज मला वाकुल्या दाखवत बसलेलं.

एके दिवशी बघते तर त्या चीजचा भला मोठा घास कुणीतरी तोडलेला.

"दिग्ना, उंदीर झाले गं!"

"एवढं तोंड असलेला उंदीर, वहिनी?" तिनं वाकून नीट बघितलं, गालात हसली आणि रंगवलेल्या चीजची ती कड पुन्हा रंगवायला घेतली. समोर असेल तेच काढायचं, हा तिचा नियम.

शेवटी ट्यूलिप फुललं, चित्र पुरं झालं, ह्यांची सही पडली. रंग ओला असतानाच संघाचे प्रमुख सेगर ते विकत घ्यायला आले. सोबत फादर लीवेन.

"वा योस! सगळं तुझ्या हातचं?" सेगरांनी विचारलं.

"म्हणजे काय! त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला पाय टाकू देत नाही मी."

फादर चित्राला नाक लावून उभे होते. "मग उपासात हे चीज तूच खाल्लंस तर!"

ह्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं चित्र बघितलं. तोंडाचं पाणी पळालं. "छे छे, फादर! चित्र माझं नाहीच! हेच काय, सगळीच दिग्नाची. खोलीत तीच असते. मी कुंचल्याला हात लावलेला नाही, आईशप्पथ!"

"मग सही तुझी कशी?" सेगर कडाडले. "पूस ती. पोरी, तुझं नाव घाल. संघात मी बघतो काय ते."

दिग्नानं ओली सही फडक्यानं पुसली आणि आपलं नाव लिहिलं. माझे तर डोळेच भरून आले.

"म्हणजे चीज तू खाल्लंस?" फादरांनी तिच्याकडे मोर्चा वळवला.

"मी दिसलं तसं काढलंय, फादर. तो घास जरा नीट बघा."

फादर पुन्हा वाकले. दातांच्या खुणा एकीला एक लागून होत्या आणि बरोबर मध्ये चीजची एक पट्टी तशीच उभी राहिलेली.

"ज्यानं खाल्लं," फादर सावकाश म्हणाले, "त्याला पुढचा एक दात नाही."

दिग्ना हसली, अख्खी बत्तिशी दाखवून. मीही दाखवली. मग आम्ही सगळे ह्यांच्याकडे वळलो.

"योस," सेगर म्हणाले, "हस बघू जरा."

हे तोंडावर हात धरून उभे होते.