झालं म्हटल्यावर

"एकही माणूस धड कॅमेऱ्याकडे बघत नाही," शिडीवर चढलेला फ्रेमवाला ओठांत खिळे धरून पुटपुटला. "आमच्या कोपऱ्यावरचा पासपोर्ट फोटोवालासुद्धा निदान मान सरळ करायला सांगतो."

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या धाकटीला हसू आलं. दोन दिवसांत या फोटोंबद्दल पहिल्यांदाच कोणीतरी मनापासून बोललं होतं.

"उजवी बाजू जरा वर घ्या," ती म्हणाली.

"तुमच्या वडिलांचे ना हे? रागावू नका हं."

तिनं शिडी उगाचच घट्ट धरली.

उद्या सकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन. बावीस फोटो. घट्ट बुटातून एक पाय बाहेर काढून बोटं मोकळी करणारी नवरी. टोपी काढून कपाळावरचा वळ चोळणारा अधिकारी. फोटो निघेपर्यंत हातभर अंतर ठेवून बसलेलं म्हातारं जोडपं, आणि उठताना त्यानं तिच्यापुढे केलेला हात. समोरच्या भिंतीवर मोठ्ठाल्या अक्षरांत 'नजर', आणि त्याखाली बाबांचं नाव.

बाबांची रीत अख्ख्या गावाला पाठ होती. हनुवटी वर, खांदे खाली, श्वास रोखा. मग हातातला रबरी फुगा दाबायचा, फुग्यातली हवा नळीतून जाऊन कॅमेऱ्याचा खटका पाडायची, आणि बाबा खणखणीत आवाजात म्हणायचे, "झालं!" त्या 'झालं'बरोबर माणसं सुटायची. पोटं सुटायची, चेहरे घरी परतायचे. कॅमेऱ्यामागे उभी असलेली धाकटी नेमका तेव्हा दुसरा खटका पाडायची. पहिला फोटो गिऱ्हाईक घेऊन जाई. दुसरा तिचा.

"झालं म्हटल्यावर कसला गं खटका?" बाबा कान टवकारून विचारायचे.

"फिल्म पुढे सरकवली."

"सरकवल्याचा आवाज कळतो मला."

कळत होतं तरी त्यांनी तिला कधी अडवलं नाही. कारण शेवटची बारा वर्षं पहिला खटकाही तिचाच होता. बाबांचे डोळे गेले होते. फुगा ते हातात धरायचे, रुबाबात दाबायचे, आणि त्याची नळी कशालाच न जोडलेली, नुसती लोंबत असायची. घरात मात्र डोळे गेलेल्याला म्हणतात तो शब्द कोणी काढत नसे. "त्यांना उजेड सोसत नाही," असं म्हणायचं आणि काळा चष्मा पुढे करायचा. आधी गिऱ्हाईक तुटेल म्हणून, मग बाबांचा मान राहावा म्हणून. ते जाऊन वर्ष झालं, तरी जिभेला वळण तेच. कोणाला सांगणार नाही, असा शब्द धाकटीनं स्वतः बाबांना दिला होता.

आणि दादानं स्टुडिओ आवरताना सापडलेला तिच्या फोटोंचा खोका परस्पर या कलादालनाच्या बाईंना नेऊन दिला होता. 'बाबांचे' म्हणून. तिला विचारायची गरज त्याला वाटली नव्हती.

बाई आल्या त्या टाळी वाजवतच. मागे दादा, वहिनी, आणि वहिनीचा हात धरून आई. आईला खुर्ची दिली गेली.

"सांगू का," बाई म्हणाल्या, "यांच्या आधीच्या कामात काही नाही. सगळी माणसं खांबासारखी. आणि शेवटच्या बारा वर्षांत बघा! उतारवयात एखाद्याची नजर अशी उघडावी, हे किती दुर्मिळ!"

दादा छताकडे पाहू लागला. वहिनीला नेमका तेव्हाच खोकला आला.

"बाई," धाकटी म्हणाली, "हे फोटो माझे आहेत."

"हो हो, दादा म्हणाले ना, तुम्ही फार मदत करायचात. खाली 'साहाय्य' म्हणून नाव घालू या आपण."

"साहाय्य नाही. कधी टिपायचं ते मी ठरवलं. बावीसच्या बावीस वेळा."

बाईंनी दादाकडे पाहिलं. दादानं बहिणीला दंडाला धरून खांबाआड नेलं.

"काय चाललंय तुझं? स्टुडिओ बाबांचा, कॅमेरा बाबांचा, माणसं उभी केली बाबांनी. तू बटण दाबलंस फक्त."

"उभी केली तेव्हाचे फोटो लोकांच्या घरी भिंतीवर आहेत, दादा. ते बाबांचेच. खटका मी पाडला तरी त्यांचेच, मी कधी नाही म्हटलं का? त्यांनी सांगितलं, मी दाबलं. पण हे? हे झालं म्हटल्यानंतरचे आहेत. तेव्हा मला कोणी काही सांगत नव्हतं."

"बरं, तुझे. मग लोक विचारतील, तोवर बाबा काय करत होते? सांगशील?"

ती सांगणार नाही, हे दादाला ठाऊक होतं. बाबांना दिलेल्या शब्दाला ती जागेल, याच भरवशावर त्यानं खोका उचलला होता. खोटं बोलणाऱ्याचा राग येतोच. पण आपल्याच खरेपणाचं त्यानं भांडवल करावं, ते काही गिळता येईना.

दंड सोडवून घेऊन ती तडक सातव्या फोटोपाशी गेली.

"बाई, इकडे या. या डाव्या कडेला हात आहे, तो कोणाचा?"

बाई वाकल्या. फुगा धरलेला हात, शर्टाची बाही, काळ्या चष्म्याची काडी.

"अगंबाई, हे तर तुमचे वडीलच! स्वतःला हळूच चौकटीत आणलंय. ही त्यांची सहीच म्हणायची!"

"आणि फुग्याची नळी कुठे जाते?"

नळीचं टोक जमिनीपासून वीतभर वर मोकळं लोंबत होतं.

"किती सूचक!" बाईंनी छातीवर हात ठेवला.

"सूचक कसलं," शिडीवरून आवाज आला, "नळी सुटलीय ती."

वहिनी फिस्सकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर रुमाल धरला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या पुन्हा वाकल्या, आणि यावेळी पहिल्यांदाच, उद्याच्या भाषणासाठी लिहून आणलेलं विसरून, त्यांनी फोटो पाहिला.

"सुटली असती तर त्यांनी जोडली नसती का?" त्या सावकाश म्हणाल्या. "समोरच तर आहे. का नाही जोडली?"

धाकटीनं ओठ दाबून धरले.

"त्यांना उजेड सोसत नसे," दादा म्हणाला. इतकं सवयीनं, की म्हटल्यावर त्याचा तोच चपापला.

"म्हणजे?"

"म्हणजे... डोळ्यांना जरा... वयच होतं ना."

"दादा, ऐकणाऱ्याला काहीतरी कळेल असं तरी बोल," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "नाहीतर माझं नाव घाल आणि गप्प बस. नाव बाबांचं आणि झाकायचंही, दोन्ही कसं जमेल तुला?"

"हळू. आई बसलीय."

"बसलेय ना," आई म्हणाली, "ऐकतेय कधीची. त्या भिंतीवर मोठ्ठं काय लिहिलंय रे?"

"काही नाही, आई. प्रदर्शनाचं नाव आहे."

"वाच की."

दादानं घसा साफ केला. "नजर."

"कोणाची?"

त्यानं धाकटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग पायांकडे बघत म्हणाला, "बाबांची."

आई खुर्चीच्या हातांवर जोर देत उठली. वहिनी पुढे झाली, तिला तिनं हातानंच थांबवलं. फोटोंच्या रांगेवरून आईची मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली, आणि मुलीपाशी येऊन थांबली.

"तुझे बाबा आंधळे होते," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.