नवव्या दिवसाची माळ

निकोमेदेसला जाऊन आज नववा दिवस, आणि त्याच्या बायकोने, फिदेलिनाने, त्याच्यासाठी अजून एक धड प्रार्थना केली नव्हती. मेलेल्याचा आत्मा नऊ दिवस घरातच असतो. नवव्या दिवशी मारियामातेची जपमाळ म्हणून संपली, घरातल्या वेदीवरच्या मेणबत्त्या विझल्या की तो निघतो, हे एल साल्वादोरमधल्या त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे तिच्या हातात राहिली होती एकच दुपार.

आठ दिवस तिने केलं काय, तर रांधलं. रोज चारला गाव माळ म्हणायला जमायचं, आणि माळ झाली की गावाला खायला लागायचं. कॉफी, गोड पाव, केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे तामाल. लोकांना देवाची ओढ किती आणि तामालची किती, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण पाचव्या दिवशी कोंबडीचे केले, तर सहाव्या दिवशी गर्दी दुप्पट! फिदेलिना आपली चुलीपाशी. बाहेरचा गुणगुणाट कानावर यायचा, तेवढाच तिचा देव. डोळ्यांतून टिपूस नाही. बायका म्हणायच्या, काय धीराची बाई! धीर कसला, डोंबलाचा. आतलं सगळं बधिर झालं होतं. दाढ काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं.

आज मात्र तिने हात पुसले आणि वेदीसमोर पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली.

"वहिनी, तामाल कोण बघणार?" नणंद रुफिना कानाशी लागली.

"शिजतील आपले आपण."

"अहो, पाणी आटलं तर?"

"आटू दे."

एर्मेलिंदाबाईंनी माळ सुरू केली. पाद्री महिन्यातून एकदा यायचा, त्यामुळे गावातल्या मेलेल्यांचं सगळं याच बाई बघायच्या. तोंड भारी चालायचं त्यांचं, आणि आज तर त्यांना सॅन मिगेलची बस गाठायची होती. एका माळेत पन्नास वेळा 'नमो मारिये', पण ते कधी सुरू झालं आणि 'आमेन' कधी आलं, पत्ताच लागत नव्हता.

फिदेलिनाने मणी धरला. देवा, माझ्या माणसाला विसावा दे. झाकण नीट बसवलं होतं का? परत मणी. तो बघा शेजारचा बेनितो, दाराशीच उभा. तीन तरी खाणार मेला. परत मणी. कप पुरतील ना? तिला स्वतःचाच राग आला. अगं भवाने, नवरा चाललाय तुझा, आणि तू कपांचं काय घेऊन बसलीस! मग रागही ओसरला. ती नुसती ओठ हलवत राहिली.

अर्धी माळ झाली असेल, आणि आतून जळका वास आला. सगळ्यांची नाकं वर झाली.

"वहिनी, उठा ना!"

"नाही."

एर्मेलिंदाबाईंनी चक्क माळ थांबवली. "अगं बाई, देव काही पळून जात नाही. तामालचा कोळसा होतोय तिकडे. जा तू, आम्ही थांबतो."

"देव नाही पळत. पण हा आज जातोय," फिदेलिना म्हणाली. भाजी काय करायची ते सांगावं, असा आवाज. "त्या दिवशीही त्याने हाक मारली होती. मी म्हटलं, आले, कॉफी उतू चाललीय. कॉफी उतरवली, फडकं पिळलं, ओटा पुसला. मग गेले, तर मान कलंडलेली."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, रुफिनालासुद्धा नाही. रुफिना उठली, आत गेली. पातेलं उतरवल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

माळ पुन्हा सुरू झाली, त्याच बसच्या वेगाने, आणि संपलीही. एर्मेलिंदाबाई मेणबत्त्या विझवायला वाकल्या.

"थांबा," फिदेलिना म्हणाली.

"आता काय?"

"पन्नासातलं एकही 'नमो मारिये' मला लागलं नाही. एकदा म्हणा. एकदाच. पण हळू."

"माझी बस जाईल गं," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या. पण खांद्यावरची पिशवी त्यांनी खाली ठेवली, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या, आणि शब्द न् शब्द सुटा करत म्हणू लागल्या. बेनितोनेही टोपी काढली. "...पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पापी जनांसाठी विनंती कर. आता. आणि आमच्या मरणाच्या वेळी."

फिदेलिनाने त्यांचा हात धरला.

"हे यात पहिल्यापासून आहे?"

"काय?"

"मरणाच्या वेळी."

"अगं, परकरात होतीस तेव्हापासून म्हणतेयस की तू! लाख वेळा म्हटलं असशील."

"म्हटलंय," फिदेलिना म्हणाली. "ऐकलं आज."