मामा आले आणि मी अडकलो

मित्रांनो, मी एक जुना सागाचा दांडा आहे. नागझिऱ्याच्या जंगलात, एका आडबाजूच्या नाक्यावर गाड्या अडवायला असतो. आयुष्यभर दोनच कामं केली, आडवं होणं आणि उभं होणं.

वादळात पडलेल्या झाडापासून मला घडवलं. एका टोकाला दगड बांधला, दुसऱ्या टोकाला दोर. तेव्हा माझं कौतुक फार! पोळ्याला बैलांबरोबर मलाही रंग मिळायचा, वर तेलपाणी. पुढे बातमी आली, बटणाचं फाटक येणार. फाटक काही आलं नाही, माझं तेल मात्र बंद झालं. ज्या खिळीवर मी फिरतो, ती गंजली.

आमच्याकडे जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. मामा म्हणतात. एवढ्याशा शब्दाने या उन्हाळ्यात घोटाळा केला.

सकाळ होती. टेकचंद ड्रायव्हरची जिप्सी पर्यटकांना घेऊन बाहेर उभी होती. माझा दोर चौकीदार केवळरामच्या हातात. तेवढ्यात आतल्या वळणावरून गाइड दुर्गेश्वरी वॉकीटॉकीवर बोलली, "केवळराम भाऊ, मामा येऊन राहिले नाक्याकडे! दोन लेकरं बी हायेत संगं. गाडी..." पुढे नुसती खरखर.

आता केवळरामचे सख्खे मामा त्याच दिवशी चिचगडहून यायचे होते, वनमजुरांच्या गाडीत बसून, जंगलातल्या रस्त्याने. तेही दोन लेकरं घेऊन!

"माहे मामा आले गा!" म्हणत त्याने मला उठवायला दोर सोडला.

"खोल जल्दी," टेकचंदने गाडी सुरू केली. "टाइम खतम होऊन राहिला."

मी हातभर उठलो आणि अडकलो.

"काऊन रे दांड्या, आजच?" केवळरामने मला लाथ घातली.

तोच तीस पावलांवर बांबू हलला. वाघीण रस्त्यात येऊन उभी राहिली. मागोमाग एक पिल्लू आलं. दुसरं झुडपातच बसलं. गाडी आत गेली असती, तर नेमकी मायलेकरांच्या मध्ये! टेकचंदने गुपचूप चावी फिरवून गाडी बंद केली. जन्मभर दगड वाहिला मी, पण त्या दोन मिनिटांइतकं जड कधी वाटलं नाही.

शेवटी दुसरं पिल्लू धडपडत आलं, आईच्या शेपटीला लोंबकळलं आणि तिघं बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्याकडे उतरली.

दुर्गेश्वरी आली आणि सारं ऐकून कडाडली, "गाडी थांबवा म्हणून सांगून राहिली होती मी! अन् तुमचे मामा कुठले, जंगलातली मामी होती मामी!"

"माहे मामा तं अजून आलेच नाही," केवळराम पडल्या चेहऱ्याने म्हणाला.

दुपारी खरे मामा आले. त्यांच्या लेकरांसमोरच केवळरामने माझ्या खिळीला तेल घातलं. लाथ बसली होती तिथे हात फिरवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वेळेवर तेल द्या. गंज दर वेळी कामी येत नाही. आता मी नुसत्या बोटाने उठतो, कुठेच अडत नाही. म्हणून सांगतो, जंगलात आलात की थांबायचं काम आता तुमचं.