गाण्याचं व्हाय-व्हाय

धम्मरत्नने आयुष्यात एकच गोष्ट व्हायरल केली आणि तिने त्याच्याच कंपनीत चौकशी बसवली.

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या दारांचे पत्रे ठोकून निघायचे आणि धम्मरत्न ते तपासायचा. आठ तास पत्र्यावर हात फिरवून ओरखडे शोधायचे आणि रहाटणीपर्यंतच्या बसमध्ये कानात इयरफोन घालून गाणी शोधायची, असं त्याचं चाललेलं. मोठ्यांची गाणी नाही. जी बारा-पंधरा जणांनी ऐकलीत आणि त्यातलेही निम्मे घरचेच, अशी. सांगोल्याचा एक जण रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून बासरी वाजवायचा. धम्मरत्न त्याचा तिसरा श्रोता होता. पहिले दोघे टाकीचे मालक होते.

मग त्याला 'पत्रा' सापडलं. चॅनेलचं नाव एवढंच, फोटो नाही. एका मुलीचा आवाज आणि मागे वाद्यांच्या जागी चक्क कारखाना. 'आठ तास उभी मी, सावली माझी बसून आहे,' ही ओळ ऐकून तो बसस्टॉप चुकून काळेवाडीला उतरला. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक गाण्याखाली त्याची कॉमेंट असायची. उत्तर एकदाच आलं: 'थँक्यू दादा. शिफ्ट आहे, नंतर बोलते.' ते त्याने आठवडाभर रोज वाचलं.

रविवारी सकाळी त्याला वाटलं, अशी माणसं मोठी झाली पाहिजेत. म्हणून त्याने गाणं प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रे ठोकणाऱ्या खात्याच्या, ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत चाळीस जणांनी ऐकलं. एकोणचाळीस अंगठे आले. चाळिसावा मेंटेनन्सचा सोनबा होता. त्याने लिहिलं, 'ही आपली पाच नंबर प्रेस हाय.'

ग्रुपवर मॅनेजर होते.

कंपनीत फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. आत सापडला तर परमनंट माणसाला तीन दिवस घरी बसवायचे. ट्रेनीचं कार्ड काढून घ्यायचे आणि विषय संपायचा. ट्रेनींची परमनंटची यादी शुक्रवारी लागणार होती.

सोमवारी अकराला कॉन्फरन्स रूममध्ये व्हाय-व्हाय लागलं. कंपनीत काहीही बिघडलं की ते व्हायचं. 'का?' असं पाच वेळा विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं. गेल्या महिन्यात कँटीनच्या कढीचं झालं होतं. चौथ्या 'का'ला आचारी रडला होता.

समोर प्रेस शॉपचे मॅनेजर गणराज सर आणि एचआरच्या रश्मी मॅडम. या बाजूला सोनबा, आवाज ओळखायला. धम्मरत्न, गाणं टाकलं म्हणून. आणि टेबलाच्या टोकाला मिनल, पाच नंबरवरची ट्रेनी. शीट लिहायचं काम नेहमी ट्रेनीकडेच असायचं.

"पहिला का," गणराज सर म्हणाले. "गाण्यात आपली मशीन का?"

मिनलने लिहून घेतलं. सरांनी गाणं लावलं. धप्प. स्स्स. खट. सोनबाने देवळात मिटावेत तसे डोळे मिटले.

"पाच नंबरच. वर जाताना बारीक किरकिरतंय न्हवं? डाव्या अंगाचं बेअरिंग हाय ते. मी दोनदा लिवून दिलंय."

"बेअरिंगचं वेगळं व्हाय-व्हाय करू. दुसरा का. रेकॉर्डिंग झालंच का?"

"कोणीतरी फोन आत नेला म्हणून," रश्मी मॅडम म्हणाल्या. "आवाज बाईचा आहे. पाच नंबरवर बायका किती?"

"तीन," गणराज सर म्हणाले. "एक बाळंतपणाच्या रजेवर. दुसऱ्या कस्तुराताई."

"कस्तुराताई गातात?"

"न्हाई," सोनबा म्हणाला. "भांडत्यात."

गाणं चालूच होतं. धम्मरत्नचं लक्ष टेबलाच्या टोकाकडे गेलं. मिनलची मान खाली होती, पण ओठ हलत होते, आणि प्रत्येक शब्द स्पीकरच्या जरा आधी तिच्या ओठांवर येत होता. चार महिने तो जिच्या गाण्यांखाली कॉमेंट करत होता ती त्याच्यापासून वीस पावलांवर पत्रे लावत होती, आणि त्याने तिला मोठं करायच्या नादात थेट इथे आणून बसवलं होतं.

"आणि तिसरी?" रश्मी मॅडमनी विचारलं.

"मी," धम्मरत्न म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, फोन मी आत नेला. रेकॉर्डिंग माझं. आवाजही माझाच, ॲपवर बदललाय."

"लिही," गणराज सर मिनलला म्हणाले. पेन क्षणभर थांबलं, मग चाललं.

"धम्मा, राव," सोनबा हळूच म्हणाला, "तुला शिट्टी तरी येती का?"

"गाऊन दाखवा," रश्मी मॅडम म्हणाल्या.

शब्द त्याला पाठ होते. त्यापलीकडे त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याने गायला सुरुवात केली आणि एसी बंद पडला. दोन्हींचा संबंध नसावा, पण रूममध्ये कोणालाच तशी खात्री वाटली नाही. पहिली ओळ गेली. दुसरीत तो घसरला. तिसरीत ठोका चुकला, तसं टेबलाच्या टोकाला पेन टकटकायला लागलं, अगदी तालात. रश्मी मॅडमनी मान वळवून पेनकडे पाहिलं. तो जोरात गायला लागला. पेनही जोरात वाजायला लागलं.

"बास," मिनल म्हणाली. "सर, गाणं माझं आहे. हे चुकीचं गातायत."

"तू लिही," धम्मरत्न तिला डोळ्यांनी खुणावत म्हणाला.

"दादा, तिसऱ्या ओळीत तुम्ही दीड मात्रा खाल्लीत. मला नाही ऐकवत."

रश्मी मॅडमनी हात पुढे केला. "कार्ड."

मिनलने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "देते. पण मी फोन आत नेलेला नाही."

"मग मशीनचा आवाज कुठून आला?"

"तोंडातून."

कोणी हसलं नाही. गणराज सरांनी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. "कर."

ती एक घोट प्यायली. तळवा टेबलावर टेकवला, डोळे मिटले. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. रश्मी मॅडमची बोटं कार्डाच्या दोरीवर पडली. धम्मरत्नने श्वास धरला. मिनलने पुन्हा ओठ आवळले.

धप्प.

टेबलावरचे कप हलले. स्स्स. खट. पुन्हा धप्प, आणि वर जाताना ती बारीक किरकिर, डाव्या अंगाची. सोनबा ताडकन उठला आणि मशीन थांबवायला भिंतीवरच्या लाल बटणाकडे धावला. तिथे बटण नव्हतं, हात कसे धुवावेत याचा तक्ता होता. तो त्याने दाबला.

मिनल थांबली तेव्हा सोनबाचा हात तक्त्यावरच होता. "आयला," तो म्हणाला.

"आठ तास कानात असतं, सर," मिनल म्हणाली. "मोशीला घरी गेलं की बाथरूममध्ये बसून करते, तिथे घुमतं. किरकिर काढून बघितली. मग ती पाच नंबर वाटत नाही."

रश्मी मॅडमनी नियमांची फाइल उघडली. पान उलटलं. पुन्हा मागे आल्या. मशीनची नक्कल करण्यावर कलम नव्हतं. त्यांनी कार्ड दोरीसकट मिनलकडे सरकवलं आणि जाहीर केलं, "यादीला हरकत नाही." हरकत नसल्याची खंत त्यांच्या आवाजात स्पष्ट होती.

धम्मरत्नने मघापासून धरलेला श्वास सोडला. "चला. मिटलं."

"तुमचं नाही," रश्मी मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फोन आत नेल्याची कबुली दिलीत."

"अहो, पण नेलाच नव्हता!"

"शीटवर आहे."

शीटवर होतं. पेनने, पूर्ण नावासह. ऑडिटच्या नियमाने शीटवर खाडाखोड चालत नाही, हे धम्मरत्ननेच ट्रेनींना शिकवलं होतं.

"मला वाटलं तुम्ही खरंच नेला असेल," मिनल पुटपुटली. "तुमची स्वतःची गाणी कोणी ऐकत नसेल, म्हणून माझं गाणं आपल्या नावावर घेताय."

"मी?"

"कॉमेंटमध्ये दर वेळी 'आपलं गाणं' लिहिता ना."

गणराज सरांनी शीट त्याच्यापुढे ठेवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. त्याने सही केली.