चार हजार एकशे सतरा-अ

०००००१

मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. खोटं बोलायला अक्षरं लागतात आणि माझ्याकडे नुसते आकडे आहेत. मी एक जुना नंबरचा शिक्का आहे. अंग लोखंडाचं, डोक्यावर लाकडी मूठ, पोटात पितळेची सहा चाकं. मूठ दाबली की मी कागदावर उतरतो, आकडा उमटवतो आणि वर येता येता शेवटचं चाक एक घर पुढे सरकवतो. एकानंतर दोन, दोनानंतर तीन. मला कुणी सांगावं लागत नाही. माझ्या कुशीत एक छोटा काटाही आहे. तो फिरवला तर मी तोच आकडा पुन्हा मारतो.

ज्या कारागिरानं माझी चाकं घासली, त्याची नजर अधू होती. तो प्रत्येक आकडा बोटानं तपासायचा. माझ्या आठावरून बोट फिरवून तो शेजारच्याला म्हणाला होता, "हा कमरेत जरा जाड झालाय, पण चालेल. जाड माणसं कामाला बरी असतात." माझा आठ अजून तसाच आहे.

०००००२

मी आलो तो दफ्तरखान्यात. लांबट खोली, वरच्या बाजूला काचेची झरोकेवजा खिडकी, भिंतीभर लोखंडी मांडण्या आणि मधोमध एक टेबल, ज्याचा एक पाय पुठ्ठ्याची घडी घालून समतोल केलेला. तिथं दोन माणसं काम करत.

एक रेकॉर्डबाई. कागद कुठला, कुठून आला, कुणाच्या शेजारी बसायचा, हे त्या ठरवत आणि मला चालवत. त्यांच्या तळहातानं माझी मूठ इतकी गुळगुळीत झाली की तिच्यात खिडकी दिसते. दुसरे बाइंडरकाका. नंबर पडलेले कागद ते टोच्यानं भोकं पाडून, दोरा ओवून बांधत. दोघांचं कधी पटलं नाही आणि एकमेकांवाचून कधी चाललंही नाही. बाई म्हणत, काकांची गाठ म्हणजे ब्रह्मगाठ, उघडायला नवस बोलावा लागतो. काका म्हणत, ताईंनी रचलेला गठ्ठा बघून भिंतीलाही लाज वाटते, ती तेवढी सरळ नाही.

मी जमिनीच्या नकाशांवर नंबर मारले, शाळांच्या दाखल्यांवर मारले, पुलाच्या हिशेबांवर मारले. शाई सुकली की बाई दोन थेंब घालत. वर्षातून एकदा टूथब्रशनं माझे दात घासत. मित्रांनो, सुख म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, ते मला माहीत नाही.

०००००३

मग ते मोठं प्रकरण आलं.

एका बातमीदार मुलीचा खून झाला होता. त्यात शहरातल्या एका वजनदार माणसाचं नाव निघालं. नऊ वर्षं तपास आणि खटला चालला. निकाल लागला, तेव्हा न्यायालयानं आणखी एक हुकूम दिला: तपासाचा कागद न् कागद लोकांसाठी खुला ठेवा. ज्याला पाहायचं, त्यानं यावं आणि पाहावं.

ट्रकमधून एकशे चाळीस गठ्ठे उतरले. पंचनामे, जबाब, फोनच्या याद्या, नकाशे, पाकिटं. काही गठ्ठ्यांना वाळवीचा वास, काहींना सिगारेटचा. आमच्या हातात साडेतीन महिने होते. दफ्तरखान्याचे साहेब दिवसातून दोनदा येऊन विचारत, किती झाले? ते स्वभावानं वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यावर वरचे साहेब बसले होते, इतकंच.

या कामात नंबरालाच सगळं महत्त्व. एक नंबर गळाला की लोक म्हणणार, पान काढून घेतलं. एक जास्त झाला की म्हणणार, पान घुसवलं. म्हणून बाईंची एक पद्धत होती. नंबर मारण्याआधी त्या गठ्ठा हातात घेऊन वाकवत, पानं पंख्यासारखी पसरत, एकेक चिमटीत चोळून बघत. याला त्या पानं मोकळी करणं म्हणत. काका चिडवत, की ताई पानांना मालीश करतात.

पंधराव्या गठ्ठ्याच्या दिवशी न्यायालयाकडून दोघे जण कामाचा वेग बघायला आले. साहेब घड्याळ काढून उभे राहिले आणि हलक्या आवाजात बाईंना म्हणाले, आज ते चोळणं राहू द्या, नुसता शिक्का चालवा. बाईंनाही दाखवायचं होतं की या खोलीत काम कसं होतं. त्यांनी पानं मोकळी न करताच मला उचललं. टक, टक, टक. काका पान उलटत, बाई मला दाबत. पाहुणे खूष होऊन गेले. गठ्ठा अर्ध्या तासात हातावेगळा झाला.

०००००४

आता त्या मुलीच्या आईबद्दल सांगतो.

काम सुरू झाल्यापासून त्या दर मंगळवारी येत. हातात कापडी पिशवी, पिशवीत चष्म्याचं घर. दाराजवळच्या बाकावर बसून एकच विचारत: माझा जबाब सापडला का? बाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या.

गोष्ट अशी होती. मुलगी घरी आली नाही, त्या संध्याकाळी सव्वासहालाच मावशींनी चौकीवर फोन केला होता. सात वाजता पुन्हा केला. पलीकडून सांगितलं, येईल हो, मोठी आहे ती, सकाळी बघू. पण तपासाच्या कागदांत नोंद होती ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची. घरच्यांनी उशिरा कळवलं, असं वर्तमानपत्रांत आलं, खटल्यात बोललं गेलं आणि जिन्यातही बोललं गेलं. पोर रात्रभर घरी नाही आणि आई स्वस्थ झोपली, असं. मावशींनी तिसऱ्या दिवशी हवालदाराला सगळं सांगितलं होतं. त्यानं ते पातळ कागदावर लिहून घेतलं होतं. खाली मावशींची सही होती, त्याच्याच निळ्या पेनानं, आणि पेन गळकं होतं. नऊ वर्षांत तो कागद कुणी पाहिला नव्हता.

अडतीस हजार सहाशे बारावर मी थांबलो. यादी छापून झाली, प्रती न्यायालयात गेल्या. खोली सोमवारी खुली व्हायची होती. मावशींचा जबाब यादीत नव्हता.

बाईंनी ते त्यांना सांगितलं, तेव्हा मावशींनी चष्मा काढला, पुसला आणि त्याच्या घरात ठेवला. जाताना इतकंच म्हणाल्या, की आता कायमचंच झालं म्हणायचं.

०००००५

शुक्रवारी काका बांधायचा राहून गेलेला पंधरावा गठ्ठा घेऊन बसले. त्यात एक पान होतं, ज्यावर जागेचा नकाशा गोंदानं डकवलेला. काकांनी टोचा मारला आणि त्या पानाचा कोपरा सुटला. एका पानाची दोन पानं झाली. मागून पातळ कागदाचं टोक डोकावलं. त्यावर निळा डाग होता.

"ताई," काका म्हणाले, "जरा इकडे या. घाईनं येऊ नका, बसून घ्या आधी."

टिपकागद ओला करून त्यांनी त्या पानावर ठेवला आणि दोन तास दोघंही दुसरं काही न करता त्याच्याकडे बघत बसली. मग काकांनी, मुलाच्या जखमेवरची पट्टी सोडवावी तसा, तो कागद सोडवला.

वरचं पान चार हजार एकशे सतरा होतं. खालच्यावर नंबरच नव्हता.

०००००३-अ

हे पान तिसऱ्याच्या मागे यायला हवं होतं. तेव्हा सांगायचा मला धीर झाला नाही.

मित्रांनो, मला कळलं होतं. पान कितीही जाड असो, मी उतरतो उजव्या वरच्या कोपऱ्यात. नकाशा तिथवर पोचत नव्हता. तरी त्या दिवशी चार हजार एकशे सतराला पायाखाली काहीतरी मऊ लागलं, एका कागदाला लागतं त्याहून थोडं जास्त. मी उमटलो आणि पुढे सरकलो. पुढे सरकायलाच मला घडवलंय.

कुणी तो मुद्दाम चिकटवला, की नकाशाचा गोंद ओघळून चुकून चिकटला, हे मला माहीत नाही. गोंदाला विचारता येत नाही.

०००००६

साहेब आले. त्यांनी कागद वाचला आणि खाली बसले. मग म्हणाले, की पान घ्यायचंच, त्यात वाद नाही. पण चार हजार एकशे सतराच्या पुढे 'अ' लावला, तर सोमवारी वर्तमानपत्रवाले पहिलं तेच पान उघडतील. नंबर संपल्यावर पान कुठून आलं, म्हणून विचारतील. त्यापेक्षा सगळ्यात शेवटी ठेवू, अडतीस हजार सहाशे तेरा. सरळ, स्वच्छ नंबर. यादीत एक ओळ वाढेल, बस.

बाई म्हणाल्या, ज्या दिवसाचा कागद, त्या दिवसाच्या शेजारी.

"नियम मलाही कळतो हो, बाई. पण आपल्या सगळ्यांच्या अंगाशी येईल. तुमच्या तर पहिलं." साहेब थांबले. "त्यांनाच विचारू. कागद त्यांचा आहे. त्यांना चालत असेल, तर आपण कशाला जीव काढायचा?"

निरोप गेला. मावशी आल्या. बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं: शेवटी ठेवलं तर नंबर स्वच्छ, इथं ठेवलं तर 'अ' लागणार आणि लोक चार गोष्टी बोलणार. मावशींनी कागदाला हात लावला नाही. लांबूनच सहीकडे बघितलं.

"मला शेवटी बसवू नका," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं मला उशिरा आलेली म्हणतायत. आता कागदही उशिरा आला म्हणतील."

साहेबांनी मान खाली घातली. बाईंनी खुर्ची ओढली आणि एका कोऱ्या कागदावर लिहिलं. ते टिपण अजून तिथंच आहे, म्हणून जसंच्या तसं देतो:

"पान ४११७ च्या पाठीला एक पातळ कागद गोंदाने चिकटलेला होता. नंबर मारण्यापूर्वी पानं मोकळी करून पाहण्याची येथील पद्धत आहे. गठ्ठा पंधरासाठी मी ती पाळली नाही, त्यामुळे हा कागद मोजणीतून सुटला. बांधणीच्या वेळी तो सापडला. त्यावरील तारखेनुसार त्याची जागा हीच आहे, म्हणून त्यास ४११७-अ हा नंबर दिला आहे. चूक माझी आहे."

खाली सही, तारीख.

टिपण साहेबांपुढे आलं. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. बाईंच्या सेवापुस्तकात या टिपणामुळे शेरा येणार, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. काका दोऱ्याला मेण लावण्यात गढून गेल्याचं सोंग करत होते. शेवटी साहेबांनी बाईंच्या सहीखाली एक ओळ लिहिली: "घाई करण्यास मी सांगितले होते." आणि सही ठोकली.

"आता दोघं मिळून बोलणी खाऊ," ते म्हणाले. "एकट्यानं खाल्ली की पचत नाहीत."

मग माझी पाळी आली. अडतीस हजारांवरून मला मागे न्यायचं होतं. मागे जाणं माझ्या अंगात नाही. बाईंनी केसातली पिन काढली आणि एकेक चाक उलटं फिरवायला घेतलं. फार दुखलं. मग त्यांनी माझ्या कुशीतला काटा फिरवला आणि पातळ कागद माझ्याखाली धरला. कधी नव्हे ते बाईंनी मला सावकाश दाबलं. चार हजार एकशे सतरा. पुढचा 'अ' मला येत नाही, तो त्यांनी हातानं लिहिला.

०००००७

सोमवारी माणसं आली. वर्तमानपत्रवाल्यांनी तेच पान पहिलं मागितलं, साहेब म्हणाले होते तसंच. दोन दिवस बोलणी बसली. तिसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकानं लिहिलं, की नऊ वर्षांत या प्रकरणात कुणी 'चूक माझी आहे' असं लिहिलेला हा एकच कागद. बाईंच्या पुस्तकात शेरा आला तो आलाच. त्या म्हणाल्या, असू दे, पुस्तक फारच कोरं होतं.

मावशींनी आपला जबाब वाचला, तेव्हा त्यांना धक्का बसला. त्या हवालदाराशी तासभर बोलल्या होत्या. कागदावर सात ओळी होत्या.

"एवढंच लिहिलं त्यानं?"

मग मावशींनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. 'सव्वासहाला फोन केला, सातला पुन्हा केला.' ते बोट तिथंच राहिलं.

आता मी खणात असतो. नवे कागद छपाईतूनच नंबर घेऊन येतात. माझं वंगण सुकलंय, आठाच्या कमरेत शाईची खडी झालीये. मी कुरकुर करत नाही. एक विनंती मात्र आहे. मित्रांनो, तुमच्या हाती कधी कागदांचा गठ्ठा आला, वहीचा असो, घरातल्या पत्रांचा असो, तर दोन बोटांत एकेक पान चोळून बघा. घाई असेल, तर जास्तच बघा. खालच्या कागदाला हाक मारता येत नाही. आणि चुकलात, तर चुकलेलं खरवडून काढू नका. शेजारी लिहा, खाली सही करा.

परवा एक वयस्कर बाई वाचायला आल्या. वहीत नाव लिहिताना म्हणाल्या, आपण त्या आईंच्याच जिन्यात राहतो, वरच्या मजल्यावर. त्यांनी चार हजार एकशे सतरा-अ मागितलं. सात ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. गठ्ठा परत देताना ते पान नीट सरळ केलं.

मग रेकॉर्डबाईंना विचारलं, "आत्ता त्या घरी असतील का हो?"