नंतर आठवण करून द्या

शलाकाची आणि माझी ओळख भांडणातून झाली, तेही एकतर्फी भांडणातून. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात दिव्यांग प्रमाणपत्राची रांग होती. कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. मी "कोण?" म्हणालो. उत्तर नाही. पुन्हा हात लागला, पुन्हा मी विचारलं, पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळी मी आवाज चढवला, तेव्हा मागचा म्हातारा हसायला लागला.

"अहो, ती मुलगी तुमच्यापुढे मोबाइल धरून उभी आहे. रांग कुठल्या खोलीची म्हणून लिहिलंय. तिला ऐकू येत नाही वाटतं."

"आणि मला दिसत नाही," मी म्हणालो.

"मग बरी जमलीय जोडी," म्हातारा म्हणाला.

त्याला वात्रटपणाच करायचा होता, पण त्याच्या तोंडून खरं निघून गेलं. माझ्या फोनमध्ये पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायची सोय होती. मी बोललेलं तो लिहूनही घ्यायचा. म्हाताऱ्याकरवी मी शलाकाचा नंबर घेतला. ती लिहायची, माझा फोन वाचायचा. मी बोलायचो, तिच्या फोनवर अक्षरं उमटायची. त्या रांगेत आम्ही दोन तास एकमेकांशेजारी उभं राहून असेच बोललो. आपला नंबर निघून गेला तरी दोघांना पत्ता नव्हता.

मी महेंद्र, वय चौतीस, जन्मापासून आंधळा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहे. बदलापूरला थोरला भाऊ जितेश आणि कीर्तीवहिनी यांच्याकडे राहतो. शलाका उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात बटणं लावते, जन्मापासून बहिरी. आम्ही चार-पाच वेळा भेटलो, अंबरनाथला देवळाच्या आवारात, मध्ये फोन ठेवून. फोनमधली बाई एकसुरी आवाजात वाचायची, "शलाका. आज सुपरवायझरने पुन्हा डोकं खाल्लं," आणि मी हसायचो. मला शलाकाचा आवाज म्हणजे त्या बाईचाच आवाज. दुसरा कुठला मला माहीत नाही आणि नकोही होता.

जानेवारीत, संक्रांतीनंतर, फोनमध्ये एक अपडेट आलं. रात्रीत आपोआप झालं. सकाळी पडद्याला हात लावला तर बाई गप्प. दोनदा बंद करून चालू केला, तरी गप्प. कंपनीने म्हणे फोन जास्त वेगवान केला होता, नवीन रंग दिले होते. त्या गडबडीत वाचून दाखवायची सोय मोडली. मोडली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती वापरणारे माझ्यासारखे किती आणि आमचा आवाज तो किती. शलाका जन्मापासून बोलत नव्हती, पण माझ्यासाठी ती त्या सकाळी पहिल्यांदा मुकी झाली.

मी हेल्पलाइनला फोन लावला. कॉलसाठी माझ्याकडे जुना बटणांचा फोन होता, त्यामुळे तेवढी पंचाईत नव्हती. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, ही अडचण आमच्या लक्षात आली आहे. पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती होईल. अपडेट टप्प्याटप्प्याने येतंय."

"माझा टप्पा कधी?"

"लवकरच, सर."

फोन मी सिमकार्ड कंपनीच्या स्कीममध्ये घेतला होता. म्हणून फोनवाले सांगायचे की सिमवाल्यांची मंजुरी राहिली आहे, आणि सिमवाले सांगायचे की फोनवाल्यांनी अजून पाठवलेलंच नाही. दर सोमवारी मी दोन्हीकडे फोन करायचो. आज कळतं की माणसाला शिव्या द्यायला एक लांबची जागा लागते. मला ती आयती मिळाली होती.

मधल्या काळात शलाकाचे मेसेज दादा वाचून दाखवायचा. ऑफिसात कुणाकडून वाचून घेतले असते, तर प्रसादासारखे अख्ख्या कारखान्यात वाटले गेले असते. दादा घरचा. संध्याकाळी जेवण झालं की तो फोन घ्यायचा. पहिले पंधरा दिवस त्याने नीट वाचलं. लाजत वाचायचा, घसा खाकरायचा. "तुमची आठवण येते," हे वाक्य त्याने असं वाचलं जसं काही रेशनकार्डावरचं नाव वाचतोय. मी बोलायचो, तो माइकचं बटण दाबून धरायचा आणि पाठवायचा.

मग वाचन लहान होत गेलं. "बरी आहे म्हणते." "कामात आहे म्हणते."

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच. मी काय पदरचं घालू?"

मी नवीन फोन घ्यायचं काढलं तर दादा म्हणाला, "अरे, पंधरा दिवसांत अपडेट येतंय. कशाला उगाच? मी रोज बघतो ना." बघायचाही. रोज संध्याकाळी सांगायचा, "नाही आलं अजून." फोन मला तसाही दगडासारखा झाला होता. तो दादाच्या खोलीतच चार्जिंगला असायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी मी दादाला म्हणालो, लिहून लिहून कंटाळा आला, मला शलाकाला दिसायचंय. व्हिडिओ काढ. वहिनीने शर्टाला इस्त्री करून दिली. मी खिडकीपाशी उभा राहिलो आणि बोललो, "शलाका, तुम्हाला ऐकू येणार नाही, पण मी बोलतोय ते दादा खाली लिहील. अपडेट आलं की पहिल्या रविवारी मी तुमच्या घरी येणार. तुमच्या आई-बाबांशी बोलायला. लग्नाचं." बोलताना मला हसू आवरत नव्हतं. शेवटी मी हातही जोडले. दादाने खाली लिहिलं, पाठवलं. थोड्या वेळाने म्हणाला, "अंगठा पाठवलाय तिने."

त्यानंतर तिचं काहीच आलं नाही. दादा रोज सांगायचा, काही नाही. मी दोनदा त्याच्याकरवी विचारलं, काय झालं. काही नाही. मला वाटलं, आई-बाबांनी अडवलं असेल, किंवा तिलाच शहाणपण सुचलं असेल. जीन्सच्या कारखान्यात जावं म्हटलं, तर तिथे जाऊन मी विचारणार काय, आणि ती सांगणार कशी. मग आणखी एक मनात आलं, की अपडेट आलं की तिच्या अक्षरांतूनच सगळं कळेल. तोवर धीर धर. मूर्खासारखा धरला.

मे महिन्यातल्या एका सोमवारी हेल्पलाइनच्या मुलीने फोनचा नंबर मागितला. तपासून म्हणाली, "सर, तुमच्या हँडसेटवर अपडेट पोहोचलेलं दिसतंय. आठ एप्रिललाच."

"खोटं बोलू नका."

"सर, सिस्टीममध्ये तसं..."

"तुमची सिस्टीम घाला चुलीत. माझा भाऊ रोज बघतो. रोज. तुम्ही तिथे बसून थापा मारता, आणि इथे माणसाचं काय होतं ते तुमच्या बापाला तरी माहीत आहे का?"

मी असं कुणाशी बोलत नाही. ती "सॉरी सर" म्हणाली आणि माझं बोलणं संपेपर्यंत लाइनवर थांबली. त्या मुलीची माफी मागायची राहूनच गेली. आता तीच पुन्हा फोनवर येईल असं थोडंच आहे.

कंपनीचा खोटेपणा सिद्ध करायला दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. वहिनीकडून फोन मागून घेतला आणि उल्हासनगरला हरेशभाईंच्या दुकानात गेलो. मोबाइल दुरुस्तीचं साडेतीन फुटी दुकान, पण माणूस हुशार. मी म्हणालो, "यात अपडेट आलेलं नाही एवढं बघून सांगा. मी तक्रार करणार आहे."

हरेशभाईंनी पाहिलं. "साईं, ये तो कब का आया हुआ है. डाउनलोड होऊन पडलाय. आठ एप्रिल."

"मग झालं का नाही?"

"फोन रोज विचारतो ना, अभी इन्स्टॉल करू का. खाली दोन बटणं येतात. एक 'आता करा', एक 'नंतर आठवण करून द्या'. कोणीतरी रोज नंतरवालं दाबतंय." मग म्हणाले, "घरात छोटा बच्चा आहे काय?"

घरात लहान मूल नव्हतं. मी म्हणालो, "आता करा."

अर्धा तास लागला. हरेशभाईंनी चहा मागवला, तो मी तसाच हातात धरून बसलो. मग बाई बोलली. चार महिन्यांनी तोच एकसुरी आवाज. मी कानात इअरफोन घातले, शलाकाचं नाव शोधलं आणि बोट वर सरकवत फेब्रुवारीपर्यंत गेलो.

"तुम्ही. व्हिडिओ. एक मिनिट चार सेकंद," बाई वाचत होती. माझ्याकडून गेलेल्या मेसेजला ती 'तुम्ही' म्हणायची. "तुम्ही. नमस्कार. खूप विचार केला. हे लग्न व्हावं असं मला वाटत नाही. कृपया पुन्हा मेसेज करू नका."

अंगठा नव्हता. तिचं उत्तर होतं, "शलाका. ठीक आहे." दुसऱ्या दिवशी, "शलाका. माझं काही चुकलं का?" चार दिवसांनी, "शलाका. रविवारी देवळात आले होते. तुम्ही याल असं उगाच वाटलं." मार्चमध्ये एक मोठा मेसेज होता. मी ब्रेल शिकायला लागलेय, असं त्यात होतं. फोन नसला तरी तुम्हाला लिहून देता यावं म्हणून शिकत होते, आता अर्धवट सोडावंसं वाटत नाही. त्याखाली माझ्या नावाने एकच ओळ होती, "कृपया समजून घ्या." दादाकरवी मी विचारलेलं "काय झालं" कुठेच नव्हतं.

मी तिथेच बोलून लिहिलं. "शलाका, मी महेंद्र. फोन चार महिने वाचून दाखवत नव्हता. तो नकार माझा नाही, दादाने लिहिला. मी व्हिडिओत लग्नाचं बोललो होतो." पाठवलं. उत्तर आलं नाही. हरेशभाईंनी पैसे घेतले नाहीत, म्हणजे त्यांना सगळं कळलं असावं.

घरी आलो तेव्हा दादा नुकताच कामावरून आला होता. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी फोन टेबलावर ठेवला आणि पडद्यावर बोट फिरवलं. बाई वेळ बोलली, बॅटरी बोलली.

"कधी झालं?" तो म्हणाला.

"आठ एप्रिललाच आलं होतं. तू रोज 'नंतर' म्हणालास."

दादाने खुर्ची ओढली. तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "महेंद्र, तू पडलास तर तिला ऐकू येणार नाही. ती भाजली तर तुला दिसणार नाही. उद्या पोर झालं, ते रडलं तर तिला कळणार नाही, रांगत गॅलरीत गेलं तर तुला कळणार नाही. मग रात्री-बेरात्री धावत कोण येणार? मीच ना? आई गेल्यापासून मीच बघतोय. मी काय दुश्मन आहे तुझा?"

"हे तू मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?" तो म्हणाला, जसा काही हिशेब जुळला.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी म्हटलं होतं यांना, व्हिडिओखाली तरी तसलं नका लिहू." म्हणजे तिलाही माहीत होतं. तिनेच शर्टाला इस्त्री केली होती.

मला सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा, की चार महिने मी ज्यांना शिव्या घातल्या त्यांनी उशीर केला, पण शेवटी पाठवलं. लांबच्या माणसाने दिलेला शब्द लंगडत का होईना दारापर्यंत आला होता. दार घरच्या माणसाने लावून घेतलं होतं. मी हे दादाला बोललो नाही. त्याच्या डोळ्यांनी पाहायची मला इतकी सवय आहे की त्याच्यावर ओरडतानाही आधी त्यालाच विचारावंसं वाटतं, की कुठे तोंड करून ओरडू.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. इअरफोन लावलेले नव्हते. बाई भरल्या खोलीत, सगळ्यांसमोर वाचायला लागली.

"शलाका. तुमच्या दादांनी लिहिलं असेल. मी मानते. पण आज हेही कोण लिहितंय ते मला कसं कळणार? तुमचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. मला फक्त दिसतं. व्हिडिओत तुम्हीच होतात. हात जोडत होतात आणि हसत होतात, आणि खाली 'नाही' असं लिहिलं होतं. तेवढंच मी तीन महिने बघतेय."

दादाने खुर्ची मागे सरकवली. मी फोन जवळ घेतला आणि माइकचं बटण दाबलं. माइक बराच वेळ चालू राहिला. "काही ऐकू आलं नाही," बाई म्हणाली. "पुन्हा बोला."